प्राध्यापक बाबासाहेब आणि वर्गातला वाद

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनावर आपल्या समाजात जेवढे लिहिले आणि गायिले गेले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणावर गेले असेल. महाडचे सेनानी, राज्यघटनेचे शिल्पकार, धम्मचक्र पुन्हा गतिमान करणारे बोधिसत्त्व ही त्यांची रूपे आपल्या विहारांच्या भिंतींवर आहेत, तशीच आपल्या लेकरांच्या ओठांवरही आहेत. त्या मानाने प्राध्यापक आंबेडकर हे रूप मागे राहिले. वर्गात खडू हाती घेऊन उभे असलेले बाबासाहेब आपल्या चित्रकारांनी फारसे रंगविले नाहीत. या स्मरणिकेसाठी आम्ही मुद्दाम तेच रूप निवडले, आणि त्याला आजचे कारण आहे.

आपल्या विद्यालयातील मुले उल्हासनगरच्या कॅम्पांतून, अंबरनाथच्या कारखान्यांभोवतीच्या वस्त्यांतून, बदलापूरच्या जुन्या गावठाणातून आणि नव्या इमारतींतून येतात. बौद्ध घरांतील मुले अधिक असली तरी सिंधी, आगरी, कातकरी, मुसलमान आणि उत्तर भारतीय घरांतील मुलेही त्याच बाकांवर बसतात. निवडणूक जवळ आली, आरक्षणाचा विषय निघाला, इतिहासाच्या पुस्तकात फाळणीचा धडा आला, की वर्ग तापतो. घरात ऐकलेले शब्द मुलांच्या तोंडून बाहेर पडतात. दिवसाच्या शाळेत असे भांडण घंटेबरोबर घरोघरी पांगते. निवासी शाळेत ते पांगत नाही. ते संध्याकाळी मैदानावर येते, रात्री पंगतीत शेजारी बसते आणि वसतिगृहातल्या खाटेपर्यंत सोबत जाते. म्हणून काही पालक कळकळीने सांगतात, की असले विषय वर्गात काढूच नयेत. दुसरे काही पालक तितक्याच कळकळीने म्हणतात, की आमच्या पिढ्यांनी पुष्कळ ऐकून घेतले, आता आमच्या मुलांना उत्तर देऊ द्या. दोन्ही मागण्यांमागे माया आहे. परंतु शिक्षकाने सोमवारी सकाळी वर्गात जाऊन नेमके काय करावे, याचे उत्तर दोन्हींत नाही. ते उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रात सापडते का, हे आम्हांला पाहावयाचे आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते, म्हणजे शिक्षकी पेशा या घरात आधीपासूनच होता. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना घरून आणलेल्या तरटावर वेगळे बसावे लागे आणि पाणी कोणी वरून ओतील तेव्हाच मिळे, हे आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकले आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधील प्रसंग त्याहून कमी सांगितला जातो. शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. भीमराव उठताच वर्गात गलका झाला आणि त्यांचा हात फळ्याला लागण्याआधी डबे हलविण्यासाठी मुले धावत सुटली.

त्या वर्गात जातीवर कसलीही चर्चा झाली नव्हती. कोणी पक्ष मांडला नव्हता की कोणी प्रतिपक्ष केला नव्हता. तरीही त्या दिवशी जातीचा संपूर्ण पाठ शिकविला गेला, आणि तो गणितापेक्षा पक्का शिकविला गेला. वर्गात जातीचे नाव काढले नाही म्हणजे वर्ग जातीपासून मुक्त राहतो असे मानणाऱ्यांनी त्या फळ्याकडे एकदा पाहावे, असे आम्हांला वाटते. गप्प बसलेला वर्ग तटस्थ नसतो. तिथे ज्याचे चालते त्याचेच चालत राहते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांचा सत्कार झाला तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. केळुसकर हे पेशाने शिक्षक. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याच्या हाती ठेवलेल्या या पुस्तकाचे फळ जवळजवळ पन्नास वर्षांनी नागपूरला दिसले, हे शिक्षकांनी तरी विसरू नये. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते पदवीधर झाले आणि १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

कोलंबियातील वर्षांबद्दल आपल्याकडे बहुधा अठरा-अठरा तासांच्या अभ्यासाचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. परंतु तेथील एक दुपार आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. ९ मे १९१६ रोजी मानवशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. ज्या विषयाने त्यांचे बालपण पोळले, त्याच विषयावर परक्या देशातील वर्गासमोर त्यांना उभे राहावयाचे होते. त्यांनी स्वतःची कर्मकहाणी सांगितली असती तर वर्ग हळहळला असता. त्यांनी तसे केले नाही. जातीची व्याख्या करणाऱ्या चार अभ्यासकांची मते त्यांनी आधी मांडली: फ्रेंच पंडित सेनार, इंग्रज अधिकारी नेस्फिल्ड आणि रिस्ले, आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर, जे पुढे मराठी ज्ञानकोशाचे कर्ते म्हणून प्रसिद्ध झाले. प्रत्येकाच्या मतात काय उणे आहे ते त्यांनी दाखविले. त्याचबरोबर केतकरांनी जातीकडे सुटे न पाहता संपूर्ण व्यवस्थेचा भाग म्हणून पाहिले, हे त्यांचे श्रेयही मोकळेपणाने दिले. केतकर जन्माने ब्राह्मण होते. आंबेडकरांनी पाहिला तो त्यांचा युक्तिवाद.

त्या काळी रिस्ले यांच्यासारखे अधिकारी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातीला वंशाचा आधार देऊ पाहत होते. अमेरिकेतही गोऱ्या-काळ्यांच्या वंशभेदाला शास्त्राचा मुलामा चढविण्याचे प्रयत्न जोरात होते, आणि कोलंबियाच्याच मानवशास्त्र विभागात फ्रान्झ बोआस त्यांना आव्हान देत होते. गोल्डनवायझर हे बोआस यांचे शिष्य. त्या वातावरणात आंबेडकरांनी प्रतिपादन केले, की जात वंशातून जन्मलेली नाही. समूहाबाहेर लग्न न करण्याच्या बंधनाने समूह बंद होतो आणि त्यातून जात घडते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही त्या बंद दाराची कुलपे. एका समूहाने दार लावून घेतले, मग इतरांनी त्याचे अनुकरण केले. निबंधाच्या अखेरीस त्यांनी जे केले ते आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. या विषयात भावनेला शास्त्राच्या जागी बसू देऊ नये, असे त्यांनी श्रोत्यांना सुचविले. आणि आपला सिद्धान्त टिकत नाही असे कोणी दाखवून दिल्यास तो सोडून देण्याची तयारीही तेथेच जाहीर केली. हा निबंध १९१७ साली इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात छापून आला.

ज्याला जातीने सर्वांत अधिक दुखविले होते, त्याने वर्गात उभे राहून आपले मत चुकीचे ठरू शकते अशी वाट उघडी ठेवली. आपल्या आठवी-नववीच्या मुलांकडून एकदम एवढी अपेक्षा करणे अन्याय होईल. तरी वादाला बसण्यापूर्वी समोरच्याचे मत आधी नीट सांगावयाचे आणि मग खोडावयाचे, ही रीत त्या निबंधातून सहज उचलता येते. आमच्या अनुभवात या एका नियमाने वर्गातला निम्मा आवाज खाली येतो, कारण समोरच्याचे मत सांगण्यासाठी ते ऐकावे लागते.

लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून आंबेडकर १९१७ मध्ये परतले. बडोद्यात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही, आणि पारशी विश्रामगृहातून त्यांना कसे बाहेर काढले गेले तो इतिहास सर्वश्रुत आहे. १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हा अस्पृश्य माणूस आपल्याला काय शिकविणार, अशा भावनेने आरंभी विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे दुर्लक्षच केले. प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी स्पर्श करू नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला. थोड्याच दिवसांत मात्र त्यांची व्याख्याने ऐकण्यासाठी दुसऱ्या महाविद्यालयांतील विद्यार्थी परवानगी काढून येऊ लागले. हा बदल भांडून झाला नाही. तास सुरू होण्यापूर्वी त्यांनी घेतलेली मेहनत हेच त्याचे कारण. त्याच काळात, १९१९ च्या जानेवारीत, साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली, आणि ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक सुरू झाले. पुढच्या मार्चमध्ये नोकरी सोडून साठविलेल्या पैशांवर ते पुन्हा लंडनला गेले. एम.एस्सी., डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन परत आल्यावर १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली, आणि त्या सभेच्या पहिल्या कामांपैकी एक होते सोलापूरचे वसतिगृह. १९२८ मध्ये दलित वर्ग शिक्षण संस्था काढून त्यांनी माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी जी वसतिगृहे उभी केली, त्यांत पनवेलचे आणि ठाण्याचेही होते. आपल्यासारख्या निवासी शाळांचे मूळ शोधणाऱ्यांनी तेथपर्यंत मागे जावे.

आता १९२७ या वर्षाकडे वळू. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याला स्पर्श केला. त्यानंतर परिषदेसाठी आलेल्या लोकांवर हल्ला झाला आणि कित्येक जण जखमी झाले. आपल्या बाजूला लष्करातून परतलेले धट्टेकट्टे लोक होते आणि त्यांचे रक्त उसळले होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. त्यांनी हात उचलला असता तर महाडचा इतिहास दंगलीचा इतिहास म्हणून लिहिला गेला असता, आणि तळ्याचा प्रश्न त्यात बुडून गेला असता.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, १९२७ च्या मे महिन्याच्या आरंभी, बाबासाहेब आपल्या बदलापुरात आले. शिवाजी महाराजांच्या जन्माला तीनशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने गावाने उत्सव योजिला होता, आणि त्याच्या अध्यक्षपदी त्यांना बोलाविले होते. तेव्हाचे बदलापूर म्हणजे कल्याण-कर्जत मार्गावरचे, उल्हास नदीकाठचे लहानसे गाव. महाडची जखम ओली असताना, ज्या समाजाच्या काही लोकांनी लाठ्या चालविल्या होत्या त्याच समाजाच्या उत्सवाचे आमंत्रण त्यांनी स्वीकारले. महाडच्या हल्लेखोरांचा दोष त्यांनी बदलापूरच्या गावकऱ्यांच्या माथी मारला नाही. बदलापूरच्या फलाटावर रोज उतरणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक आहे? आपल्या भागातील शाळांतून हा प्रसंग दरवर्षी सांगितला गेला पाहिजे, आणि तो केवळ बौद्ध मुलांना सांगून पुरणार नाही.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट याच माळेतली आहे. महाडच्या पुढील सत्याग्रहाला पाठिंबा देऊ इच्छिणाऱ्या जेधे-जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी अट घातली होती, की चळवळीत कोणाही ब्राह्मणाला घेऊ नये. बाबासाहेबांनी ती अट नाकारली. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या माणसांना नाही, ही भूमिका त्यांनी बहिष्कृत भारतातून स्पष्ट केली. डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मणच होते. विचाराशी भांडावे आणि माणसाला त्याच्या जन्मावरून दोषी धरू नये, ही रेषा वर्गात आखणे सर्वांत कठीण असते. तेरा वर्षांच्या मुलाला समोर विचार दिसत नाही, शेजारच्या बाकावरचा मुलगा दिसतो. तो त्याला त्याच्या आडनावाने हाक मारतो आणि पुढचे सगळे तेथेच ठरते. शिक्षकाने नेमके त्या क्षणी मध्ये पडावे, आणि वाद आडनावावरून उचलून प्रश्नावर आणून ठेवावा.

१९२८ साली बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. हे वर्ष सायमन कमिशनच्या बहिष्काराचे. देशभर काळी निशाणे फडकत होती. मुंबई कायदे कौन्सिलाने कमिशनबरोबर काम करण्यासाठी जी समिती निवडली, तीत बाबासाहेब होते. बहिष्कार घालून अस्पृश्यांची बाजू मांडली जाणार नाही, हे त्यांचे मत होते. राष्ट्रीय वृत्तपत्रांनी त्यांच्यावर झोड उठविली, इंग्रजांचे हस्तक म्हटले. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी त्यांच्या तासांवर बहिष्कार टाकला. तापलेल्या वर्गाचे यापेक्षा मोठे उदाहरण कोणते? येथे वर्गच उठून गेला होता, आणि तोही प्राध्यापकाच्या राजकारणावरून.

बाबासाहेबांनी आपले मत लपविले नाही, आणि विद्यार्थ्यांना खूश करण्यासाठी समितीही सोडली नाही. १९२९ च्या मे महिन्यात समितीच्या इतर सभासदांशी न जुळणारा स्वतंत्र अहवाल त्यांनी सादर केला. प्रौढ मताधिकार, राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ आणि प्रांतांना अधिक स्वायत्तता असा त्यांचा आग्रह होता. तेव्हा कालपर्यंत शिव्या देणाऱ्या वृत्तपत्रांतूनही त्यांची स्तुती झाली. ती स्तुती फार काळ टिकली नाही, आणि पुढे गोलमेज परिषदेच्या व पुणे कराराच्या वेळी त्याहून भयंकर वादळ आले, तो भाग आम्ही येथे सोडून देतो. आमचा प्रश्न वेगळा आहे. शिक्षकाला राजकीय मत असावे का? बाबासाहेबांचे आयुष्य सांगते की असावे, आणि त्याचे मोल मोजण्याची तयारीही असावी. परंतु ज्या विद्यार्थ्यांनी तास सोडले त्यांच्यावर सूड घेण्याची तयारी नसावी. शिक्षकाच्या हातात गुणांची वही असते. विद्यार्थ्याचे मत आपल्या मताविरुद्ध गेले म्हणून त्या वहीतला एक गुणही हलता कामा नये. आपल्या विद्यालयात बौद्धेतर विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर हे दुप्पट सांभाळावे लागते, कारण येथे आपण बहुसंख्य आहोत.

सात वर्षांनी, १९३५ च्या जूनमध्ये, त्याच महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केला. एका सरकारी महाविद्यालयाचा प्राचार्य, ज्याचे बहुतेक विद्यार्थी सवर्ण हिंदू, असा निर्धार करतो आणि १९३८ पर्यंत त्याच विद्यार्थ्यांना कायदा शिकवीत राहतो, ही गोष्ट आज कल्पनेतही अवघड वाटते.

या काळातील दोन पुस्तके आपल्या विषयाला लागून आहेत. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलाविले, भाषणाचा मसुदा पाहून घाबरून परिषदच रद्द केली, आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. हे पुष्कळांना माहीत असते. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी काय केले ते कमी लोकांना माहीत असते. महात्मा गांधींनी हरिजनमध्ये त्या भाषणावर केलेली टीका बाबासाहेबांनी आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्यापुढे आपले उत्तर ठेवले. वाचकाला दोघांचे म्हणणे एका जागी मिळावे अशी ती सोय होती. दुसरे पुस्तक पाकिस्तानच्या प्रश्नावरचे, १९४० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेले. त्याच्या एका भागात पाकिस्तानच्या बाजूचा मुसलमानांचा युक्तिवाद आहे आणि पुढच्या भागात त्याविरुद्धचा हिंदूंचा. दोन्ही युक्तिवाद इतक्या ताकदीने मांडले आहेत, की केवळ एकच भाग वाचणारा मनुष्य लेखकाविषयी हमखास गैरसमज करून घेईल. आजही लोक त्यातील सोयीची पाने उचलतात.

उल्हासनगरच्या मुलांच्या वर्गात फाळणी हा परीक्षेपुरता धडा नसतो. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे उतरविली गेली आणि १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणी गेली, पण कॅम्प नंबर अजून पत्त्यात आहेत. सिंधी घरातील मुलाच्या मनात पणजीने सोडलेले घर आहे, मुसलमान घरातील मुलाच्या मनात प्रत्येक वेळी आपल्याकडे वळणारी नजर आहे, आणि बौद्ध घरातील मुलाच्या मनात फाळणीच्या गोंधळात आपल्या लोकांची कोणी नोंदच घेतली नाही ही सल आहे. १९४७ च्या अखेरीस पाकिस्तानात अडकलेल्या दलितांच्या सुटकेसाठी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंकडे दाद मागितली होती, हे त्या तिघांनाही सांगावे. आणि मग त्या पुस्तकाची रीत वापरावी: ज्याला जी बाजू आवडत नाही तिचा युक्तिवाद त्याने वहीत लिहून आणावा. लिहिताना राग निवतो. बोलताना तो वाढतो.

वंशाच्या प्रश्नाकडे बाबासाहेब पुन्हा पुन्हा वळले. शूद्र पूर्वी कोण होते यावरील १९४६ च्या ग्रंथात त्यांनी आर्य वंशाच्या सिद्धान्ताची चिकित्सा केली. अस्पृश्यांवरील १९४८ च्या ग्रंथात प्रा. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी दिलेल्या मोजमापांच्या आधारेच ब्राह्मण आणि अस्पृश्य यांत वंशभेद ठरत नाही, असे दाखविले. आपण मूळचे वेगळ्या रक्ताचे आहोत हा अभिमान आपल्यातील काही वक्त्यांना आजही प्रिय आहे. बाबासाहेबांना तो मान्य नव्हता, आणि हे आपल्या व्यासपीठांवरून स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे असे आमचे मत आहे. वंश एक नसला तरी दुःख ओळखीचे असू शकते, हे मात्र ते जाणत होते. १९४६ च्या जुलैमध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. ड्यू बॉइस यांनी महिना संपण्यापूर्वी उत्तर दिले.

त्याच वर्षीच्या १७ डिसेंबरला संविधान सभेत जे घडले ते तर प्रत्येक शिक्षक-प्रशिक्षणात सांगण्याजोगे आहे. नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर बॅ. जयकरांनी उपसूचना मांडली होती आणि सभागृह जयकरांवर खवळले होते. अध्यक्षांनी अनपेक्षितपणे बाबासाहेबांना बोलाविले. हा काँग्रेसचा कडवा विरोधक आता आग ओतणार, अशीच बहुतेकांची अपेक्षा होती. बाबासाहेबांनी जयकरांच्या म्हणण्यातील सार शांतपणे उलगडून दाखविले, ठरावातील उणिवाही सांगितल्या, आणि तरीही हा देश एक होईल असा विश्वास व्यक्त करून सर्वांना सोबत घेण्याची विनंती केली. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. जे मत जयकरांच्या तोंडून ऐकून घेतले गेले नव्हते, तेच बाबासाहेबांच्या तोंडून ऐकले गेले.

संस्था उभारतानाही त्यांची हीच दृष्टी होती. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. पहिले प्राचार्य संस्कृतचे व्यासंगी पंडित अश्वत्थामाचार्य बाळाचार्य गजेंद्रगडकर. हे नाव ऐकून त्या काळी काहींच्या भुवया उंचावल्या असतील; पण विद्वत्ता तपासताना बाबासाहेबांनी जात तपासली नाही. या महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि बाबासाहेब स्वतः तेथे हिंदू कोड बिलावर बोलले. ज्या विधेयकाने दिल्लीच्या खऱ्या संसदेत गदारोळ माजविला, ते त्यांनी मुलांच्या संसदेपुढे ठेवले. मुले लहान आहेत, विषय तापलेला आहे, म्हणून त्यांनी तो झाकून ठेवला नाही. त्याला नियम दिले: अध्यक्ष, सत्ताधारी बाक, विरोधी बाक, बोलण्याची पाळी. आपल्या विद्यालयात दरवर्षी जी विद्यार्थी संसद भरते, तिची वंशावळ शोधायची तर ती तेथे सापडते, असे आम्ही मानतो.

१९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय उघडले आणि त्याला मिलिंद हे नाव दिले गेले. आमच्या मते बाबासाहेबांच्या शिक्षणविचाराचे सार या नावात आहे. मिलिंद हा ग्रीक राजा, प्रश्न विचारणारा. उत्तर देणारे भिक्खू नागसेन. संस्थेला नाव दिले ते विचारणाऱ्याचे! मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात आरंभीच एक प्रसंग आहे. राजाने चर्चेची इच्छा व्यक्त करताच नागसेनांनी विचारले, की ही चर्चा विद्वानांसारखी करावयाची की राजांसारखी. विद्वानांच्या चर्चेत एखादा हरतो, त्याची चूक दाखविली जाते, तो ती मान्य करतो आणि रागावत नाही. राजांच्या चर्चेत राजाचे मत ठरलेले असते आणि जो ते मान्य करीत नाही त्याला दंड होतो. मिलिंदाने विद्वानांची रीत पत्करली, तेव्हाच संवाद सुरू झाला. अट आधी ठरली आणि प्रश्न मागाहून आले, हा क्रम आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्या वर्गात बहुधा उलटे होते: भांडण पेटल्यावर नियम आठवतात.

आणि नागसेनांचा प्रश्न विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकालाच अधिक लागू आहे. वर्गातला राजा शिक्षक असतो. आज आपण विद्वानांसारखे बोलणार की राजांसारखे, हे त्याने स्वतःला विचारल्याशिवाय आरक्षणाचा विषय काढू नये. आपल्या शाळेत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे म्हणून बाबासाहेबांच्या मताविरुद्ध बोलणाऱ्या मुलाला गप्प बसविणे, ही राजाची रीत झाली. तसे मूल उभे राहिले तर त्याला पूर्ण बोलू द्यावे आणि मग घटनेतील कलमे, आकडे, इतिहास त्याच्यासमोर ठेवावेत. आपली बाजू इतकी दुबळी नाही, की एका शाळकरी मुलाच्या शंकेने ती कोसळावी. मात्र बोलू देणे म्हणजे अपमान करू देणे नव्हे. जातीवरून शिवी किंवा धर्मावरून टोमणा आला की चर्चा तेथेच थांबली पाहिजे. जिचा अपमान झाला त्या मुलीला सर्वांसमोर स्वतःची बाजू सिद्ध करावयास लावू नये. तिच्यासाठी शिक्षकाने उभे राहावे. फळ्यामागचे डबे हलविले जात असताना ज्यांनी उभे राहावयास हवे होते, ते शिक्षक होते.

हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ऑक्टोबरात त्याविषयीचे निवेदन वाचण्यापूर्वी त्याची प्रत मागितली गेली, तेव्हा ती अट न मानता ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांकडे दिले. वादाचे नियम पाळणारा हा माणूस नियमांच्या नावाखाली तोंड बंद करून घेणारा नव्हता.

पुढची वर्षे आजारपणाची आणि अखंड लेखनाची. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंच्या साक्षीने त्यांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर अवघे सात आठवडे उरले होते. ५ डिसेंबरच्या रात्री, दिल्लीतील अलीपूर रोडवरच्या घरी, बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथाची प्रस्तावना त्यांनी पुन्हा पाहावयास मागविली. त्याबरोबर आणखी दोन कागद त्यांच्या टेबलावर ठेवले गेले. नियोजित रिपब्लिकन पक्षाच्या संदर्भात त्यांनी दोन मराठी माणसांसाठी तयार केलेली ती पत्रे होती. एक एस. एम. जोशी यांना, दुसरे आचार्य अत्रे यांना.